‘वॉट’चं कूळ

मोशे डोंगरावरून लवकर परतत नाही, तेव्हा खाली थांबलेले लोक कुरकुरतात, ‘वी वॉट नॉट’: त्याचं काय झालं, आम्हाला ठाऊक नाही. हे १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमधलं इंग्रजी. यातलं ‘वॉट’ म्हणजे ‘काय’ विचारणारं ‘व्हॉट’ नव्हे. ‘विट’ म्हणजे जाणणे, या क्रियापदाचं ते रूप; भूतकाळी ‘विस्ट’. पुढे ‘नो’नं (know) त्याला हुसकावलं. आता ‘विटनेस’, ‘अनविटिंगली’ आणि कायद्याच्या मसुद्यातलं ‘टू विट’ (म्हणजेच, अर्थात) एवढाच त्याचा संसार उरलाय.

साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘तो जाणतो’ला ‘वाट’ म्हणत आणि ‘आम्ही जाणतो’ला ‘विटॉन’. संस्कृतात हीच जोडी ‘वेद’ आणि ‘विद्म’ अशी आहे. एकवचनात मोठा स्वर, अनेकवचनात ऱ्हस्व इकार. दोन्हीकडे तोच खेळ. उसने शब्द घेता येतात, पण स्वर असा आतल्या आत बदलण्याची खोड उसनी मिळत नाही, ती एकाच मूळ भाषेच्या वारशानंच येते. ‘द’चा ‘ट’ होणं तर नियमातलंच: आपलं दोन त्यांचं ‘टू’, आपलं दहा त्यांचं ‘टेन’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये हा नियम पद्धतशीर मांडला.

खरी गंमत प्रत्ययाची आहे. ‘वदति’मध्ये ‘ति’ आहे, ‘वेद’मध्ये नाही. कारण ‘वेद’ हे घडणीनं वर्तमानकाळाचं रूपच नव्हे. मुळात ते पूर्णत्वाचं रूप, अर्थ ‘पाहिलेलं आहे’. ज्यानं पाहिलंय तो जाणतो, म्हणून अर्थ वर्तमानात सरकला, साचा मात्र जुनाच राहिला. लॅटिनमध्ये हाच धातू अजून ‘पाहणे’ दाखवतो. ‘व्हिडिओ’ म्हणजे तिथे ‘मी पाहतो’. पाणिनीच्या नजरेतूनही हा विक्षिप्तपणा सुटला नाही. विद् धातूला वर्तमानात विकल्पानं परोक्ष भूतकाळाचे, म्हणजे याच पूर्णत्वाच्या रूपाचे, प्रत्यय लागतात, असं सूत्रच त्यानं केलंय: ‘विदो लटो वा’.

इंग्रजीत याच साच्याची आणखी काही क्रियापदं होती आणि ती अजून रोज वापरात आहेत. ‘ही गोज’ होतं, मग ‘ही कॅन्स’ का नाही? ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही सगळी ‘वॉट’सारखीच, जुन्या पूर्णत्वातून वर्तमानात आलेली, म्हणून त्यांना ‘एस’ लागत नाही. शाळेत हे नुसतं पाठ करायला लावतात.

‘वॉट’चा मात्र हा इतिहास लोक विसरले. त्याच बायबलात योसेफ आपल्या धन्याबद्दल बोलताना ‘वॉटेथ’ म्हणतो, म्हणजे नेहमीच्या क्रियापदांसारखा ‘एथ’ (आजच्या ‘एस’च्या जागी तेव्हा लागणारा प्रत्यय) लावून मोकळा होतो.