पट्टी बदलली तरी पद तेच कसे?

माझ्या संगणकातील संग्रहात ‘नाथ हा माझा’ हे पद पाच वेळा आहे. एक जुन्या तबकडीवरून उतरवलेले, जेमतेम तीन मिनिटांचे; दोन मैफलींतील, त्यांपैकी एक गायिकेने काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) आणि दुसरे गायकाने काळी एकमध्ये गायलेले; एक संवादिनीवादन, ज्यात शब्दच नाहीत; आणि एक अलीकडचे, गिटारच्या साथीने गायलेले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवर’ या नाटकातील आणि भास्करबुवा बखले यांच्या चालीतील हे पद १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. ज्याच्या कानावरून ते एकदा गेले आहे, त्याला या पाचांपैकी कोणतेही ध्वनिमुद्रण ऐकवले तरी मुखडा पुरा होण्याआधीच तो पदाचे नाव सांगतो. संगणकाला मात्र हे काम अनेक वर्षे जमत नव्हते, आणि ते का जमत नव्हते हे पाहू लागलो की ‘गाणे’ म्हणजे नेमके काय, याचाच उलगडा होऊ लागतो.

गायकाच्या काळी एकमधील षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, तर गायिकेच्या काळी चारमधील षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा. म्हणजे एका ध्वनिमुद्रणातील प्रत्येक स्वर दुसऱ्यातील त्याच स्वराच्या दीडपट कंप्रतेचा आहे. लय वेगळी, साथ वेगळी, आवाजाचा पोत वेगळा. तरीही षड्जापासून गंधार जितका दूर तितकाच तो दोन्हीकडे दूर आहे, आणि आपला कान लक्षात ठेवतो ते हे अंतर. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ ख्रिश्चन फॉन एरेनफेल्स यांनी १८९० मध्येच हा मुद्दा मांडला होता: सगळे स्वर बदलले तरी चाल टिकते, त्या अर्थी चाल ही स्वरांची नुसती बेरीज नव्हे. ही जाण शिकवणीतून येत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना आठवडाभर रोज एक चाल ऐकवली गेली; नंतर तीच चाल निराळ्या पट्टीत वाजवली तरी ती त्यांना ओळखीचीच वाटली, हे त्यांनी नव्या चालीकडे अधिक लक्ष दिले यावरून दिसले. याउलट आपल्या साळुंकीच्या कुळातला युरोपीय स्टार्लिंग हा पक्षी, स्वतः उत्तम नकलाकार असूनही, स्वरांची शिकवलेली मालिका दुसऱ्या पट्टीत गेली की गोंधळतो.

मोबाइलवर गाणे ऐकवून नाव शोधणाऱ्या शाझमसारख्या सेवा ही अडचण सोडवत नाहीत, आणि तो त्यांचा हेतूही नाही. त्या ध्वनीचा ठसा घेतात. कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रता सर्वांत ठळक होत्या, याचे टिपके काढायचे, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि दोन टिपक्यांमधील कालांतरासह त्या प्रचंड साठ्यातील जोड्यांशी ताडून पाहायच्या, ही ती पद्धत. हॉटेलातल्या गोंगाटातही ती चालते. परंतु त्याच गायिकेने तेच पद दुसऱ्या दिवशी पुन्हा गायले तर ठसा जुळत नाही. ही पद्धत ओळखते ते ध्वनिमुद्रण, पद नव्हे.

पद ओळखायचे तर संगणकाला आधी काही गोष्टी विसरायला शिकवावे लागते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संशोधकांनी यासाठी जी वाट धरली, तिचा पाया ‘क्रोमा’ नावाच्या मांडणीवर होता. सप्तक कोणते हे सोडून द्यायचे आणि प्रत्येक क्षणीचा ध्वनी बारा स्वरांच्या बारा कप्प्यांत वाटून टाकायचा. मग मंद्रातला आणि तारातला पंचम एकाच कप्प्यात पडतो. पट्टीचा फरक घालवण्यासाठी एका ध्वनिमुद्रणाचे कप्पे चक्राकार फिरवून बारा वेळा दुसऱ्याशी जुळवून पाहायचे. लयीसाठी तर थेट जीवशास्त्राकडून मदत आली. दोन प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या साखळ्यांत कोणता तुकडा समान आहे, हे शोधण्याची स्मिथ आणि वॉटरमन यांची १९८१ ची पद्धत मधल्या गळती आणि भर सहन करते. गाण्यातही एखादी ओळ दोनदा येते, मधले संगीत गाळले जाते. म्हणून बार्सिलोनातील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील संशोधकांनी तिच्याच धर्तीवर गाणी जुळवली आणि त्या काळच्या मानाने फार चांगले निकाल मिळवले.

ही सगळी रचना पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत समोर ठेवून झालेली आहे, आणि आपल्या नाट्यपदापाशी ती अडखळते. ‘नाथ हा माझा’ यमन रागात आहे. कोणत्या स्वराला किती वेळ मिळाला एवढेच मोजले, तर यमनातली दुसरी कोणतीही चीज त्याच्याशी सहज जुळेल, कारण कप्पे तेच भरणार. स्वरांचा क्रम पाहावाच लागतो. पण क्रम पाहायला जावे तर मींड एका कप्प्यातून दुसऱ्यात घसरत जाते, आणि तानपुरा षड्ज-पंचमाचे कप्पे सतत भरत राहतो. मैफलीत तीन मिनिटांचे पद पंधरा मिनिटांचे होते, त्यातल्या आलाप-ताना त्या दिवसापुरत्याच असतात, आणि टिकून राहतो तो पुन्हा पुन्हा समेवर येणारा मुखडा. म्हणून आपल्या संगीतासाठी आधी त्या ध्वनिमुद्रणाचा षड्ज शोधायचा, साथीच्या गर्दीतून गळ्याची रेषा वेगळी काढायची आणि ती षड्जापासूनच्या सलग अंतरांत मांडायची, हा मार्ग अधिक योग्य ठरतो. पवईच्या आयआयटीत आणि बार्सिलोनाच्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात या दिशेने मोलाचे काम झाले आहे, आणि माझ्या मते मराठी रसिकाला त्याची माहिती असायलाच हवी.

तबकडीची अडचण आणखी निराळी. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. काही ८० फेऱ्यांच्याही होत्या. अशी तबकडी ७८ च्या वेगाने उतरवली की आवाज जवळजवळ पाव स्वर खाली येतो. मग तो ना या पट्टीचा राहतो ना त्या पट्टीचा, आणि नुसते बारा कप्पे फिरवून भागत नाही.

पद वेगळे आणि त्याचे ध्वनिमुद्रण वेगळे, हा भेद कायद्याने फार पूर्वीच ओळखला आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. म्हणूनच ऐंशीच्या दशकात जुन्या चित्रपटगीतांच्या ‘व्हर्जन’, म्हणजे दुसऱ्या गायकांनी नव्याने गायलेल्या, कॅसेटी इतक्या निघू शकल्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षे पूर्ण होण्याआधी, नवे ध्वनिमुद्रण करू देणाऱ्या कायद्यातील तरतुदीखाली, व्हर्जन काढता येत नाही. म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीकोशातही ‘कृती’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ अशा वेगळ्या नोंदी असतात. आपल्या फायलींवर मात्र बहुधा गायकाचे नाव आणि एकच साल असते. रचनाकार गळालेला असतो. मी आता प्रत्येक फायलीला दोन साले देतो: पाचही फायलींवर पदाचे साल १९१६, संगीत भास्करबुवा बखले, त्याखाली त्या ध्वनिमुद्रणाचे साल, गाणाऱ्याचे किंवा वाजवणाऱ्याचे नाव आणि पट्टी. तबकडीच्या नोंदीत पट्टीची जागा अजून मोकळी आहे, कारण तिचा खरा वेग आधी ठरवावा लागेल.