कुत्रा लंगडतोय म्हणून बसवून ठेवू नका

ठाण्याच्या उपवन तलावावर सकाळी हमखास ऐकू येतं, ‘लॅब्राडोर लंगडतोय? मग फिरवणं बंदच करा, सांधे झिजतील.’ खरं तर उलट आहे. संधिवातात कुत्रा नुसता पडून राहिला की मांड्यांचे स्नायू ओसरतात, वजन वाढतं आणि सगळा भार सांध्यांवर येतो. डॉक्टरांना दाखवून रोज थोडं थोडं, सपाट जागी चालवा. चेंडूमागची धावपळ आणि जिने तेवढे टाळा.

त्याआधी पंजा उलटून बघा. आमच्या शेरूचा ‘संधिवात’ म्हणजे अंगठ्याचं नख गोल वळून कातडीत रुतलं होतं! ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतही नाही.

आणि घरातली आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी अजिबात नको. कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी निकामी होऊ शकते.