दरवाजा उघडा का राहिला?

६ मार्च १९८७ रोजी संध्याकाळी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून डोव्हरकडे निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट बंदराबाहेर पडताच काही मिनिटांत कलंडली आणि १९३ जणांचा मृत्यू झाला. वाहने चढवण्यासाठी नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, असलेले दरवाजे उघडेच राहिले होते. ते लावण्याचे काम ज्याचे होते, तो सहायक बोसन (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस) आपल्या खोलीत झोपलेला होता.

दोषी सापडला, म्हणून तपास येथेच थांबवता आला असता. परंतु १९८३ मध्ये याच कंपनीची ‘प्राइड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोटही उघड्या दरवाजांनी निघाली होती आणि तेव्हाही कारण सहायक बोसनची झोप हेच होते. बोट वेगळी, माणूस वेगळा, चूक मात्र तीच! अशा वेळी ‘कोणी केले’ हा प्रश्न अपुरा पडतो.

न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने पुढचे प्रश्न विचारले. एक जण झोपला तर ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात का आले नाही? कारण दरवाजांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने सुटण्याच्या वेळी ब्रिजवरही, म्हणजे जेथून कप्तान बोट चालवतो त्या कक्षातही, हजर असावे, अशी अपेक्षा होती. कप्तानाला ते का कळले नाही? कारण ब्रिजवरून दरवाजे दिसत नव्हते. तेथे सूचक दिवे बसवण्याची कप्तानांची मागणी वरिष्ठांनी थट्टेवारी नेली होती. पाणी आत इतके कसे शिरले? झेब्रुगे बंदरातील वाहने चढवण्याच्या उताराशी वरचा डेक जुळवण्यासाठी पुढच्या टाक्यांत पाणी भरून नाळ खाली आणलेली होती, आणि तशातच बोटीने वेग घेतला. वाहनांच्या सलग, आडभिंतीविना डेकवर शिरलेले पाणी, परात हातात तिरकी होताच पाणी एका कडेला धावावे तसे, एका बाजूला लोटले.

या कारणांपैकी झोप हे सर्वांत वरचे आणि बदलण्यास सर्वांत कठीण, कारण थकलेला माणूस पुन्हा कधीतरी झोपणारच. दिव्यांचे तसे नव्हते: दुर्घटनेनंतर ते याच प्रकारच्या उरलेल्या बोटींवर काही दिवसांत बसले.

पुढे आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता आली आणि १ जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजांना बंधनकारक झाली. तिच्यानुसार अपघातच नव्हे, तर धोकादायक प्रसंगही कंपनीला कळवून त्याचा तपास करावा लागतो. १९८३ चा प्रसंग नेमका याच वर्गातला होता.