पार्श्वभूमी : कारखान्यातली सुरक्षेची पाटी कोणाच्या भाषेत?

कारखान्यांचा १९४८चा कायदा बाजूला होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या जागेची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांबद्दलची नवी संहिता देशात लागू झाली. संहिता संसदेत २०२० सालीच मंजूर झाली होती. हेल्मेट कधी द्यायचं, पाटी कुठे लावायची, मास्क कोणत्या दर्जाचा हवा, हे बारकावे मात्र संहितेत नसतात, तिच्याखालच्या नियमांत आणि मानकांत असतात. नंदेसरी, रणोली, कोयली, मकरपुरा, सावली-मांजुसर या पट्ट्यात स्वतः काम करणारे किंवा घरातलं कोणीतरी शिफ्टला जाणारे मराठी वाचक बडोद्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मागचा इतिहास मांडतो आहे.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यात. ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१चा, पण संस्थानांना तो लागू नव्हता. बडोद्यात १८९० साली कलाभवन निघालं आणि रंगकाम, यंत्रकाम यांचं शिक्षण सुरू झालं. १९०७ साली रसायनं आणि औषधं बनवणारा कारखानाही शहरात उभा राहिला. भाषेच्या बाबतीत हे संस्थान जागरूक होतं. राज्यकारभारातल्या शब्दांचा अनेक भाषांतला कोश १९३१ साली इथूनच छापला गेला. स्वातंत्र्यानंतरचा कारखाना कायदा १ एप्रिल १९४९ला अमलात आला आणि बरोबर एका महिन्याने, १ मे १९४९ला, बडोदा मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळे इथल्या कारखान्यांना तो कायदा जवळजवळ पहिल्या दिवसापासून लागला.

खरा बदल १९६०नंतरचा. कोयलीची रिफायनरी सोव्हिएत मदतीने उभी राहिली आणि १९६५मध्ये सुरू झाली. त्याच दशकात खताचा कारखाना आला, १९६९नंतर पेट्रोकेमिकल्सचा पसारा वाढला. यंत्रं, नकाशे, कामाच्या पद्धती निरनिराळ्या देशांतून आल्या आणि प्रत्येकाबरोबर खुणांची त्याची त्याची रीतही आली. आगीच्या वर्गांचंच पाहा. आपल्याकडे सी वर्ग म्हणजे वायूची आग. अमेरिकी पद्धतीत सी म्हणजे विजेच्या उपकरणाची आग. अमेरिकी पुस्तकावर शिकलेला माणूस आणि भारतीय मानकाप्रमाणे रंगवलेला आग विझवण्याचा सिलिंडर एकाच शेडमध्ये असले, तर फरक कळायला हवा, तोही आग लागायच्या आधी. पाइपांच्या रंगांचं भारतीय मानक या दृष्टीने फार उपयोगाचं ठरलं. पाण्याला समुद्री हिरवा, वाफेला ॲल्युमिनियमचा रंग, हवेला आकाशी, तेलाला फिकट तपकिरी, वायूंना पिवळा, आम्लांना गडद जांभळा, अशी त्यात वाटणी आहे. पाट्यांच्या रंगांचं आणि आकारांचं मानक १९८०चं, ते २००५ साली सुधारलं गेलं.

दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कारखान्यांत जी शपथ, घोषवाक्यं आणि पोस्टर-स्पर्धा होते, ती १९७२ पासूनची. तिचा उपयोग नाही असं म्हणवत नाही. पण पोस्टर आणि धोक्याची पाटी यांची कामं वेगळी आहेत, आणि बऱ्याच फाटकांवर त्यांची सरमिसळ झालेली दिसते.

वादाचा मुद्दा १९४८च्या कायद्याच्या १०८व्या कलमात आहे. कायद्याने लावायला सांगितलेल्या सूचना इंग्रजीत आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, मुख्य फाटकाजवळ ठळक जागी असाव्यात, स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवाव्यात, असं ते कलम सांगत होतं. वाचायला सरळ आहे. अडचण बहुसंख्य कोण हे मोजताना येते.

पद्धत अशी पडत गेली की मस्टरवरचे कायम कामगार धरायचे. ते बहुतेक गुजराती, म्हणून पाटी गुजरातीत आणि इंग्रजीत. कुठे कुठे हिंदीची तिसरी ओळ. पण कायद्यात कामगाराची व्याख्या एवढी अरुंद कधीच नव्हती. १९७६च्या दुरुस्तीनंतर तर ठेकेदारामार्फत आलेला माणूसही, मूळ मालकाला त्याची माहिती असो वा नसो, कामगारच ठरला. हे व्यवस्थापनाच्या लक्षात आलं नाही असं नाही. मोजणी बदलली तर पाट्या बदलाव्या लागतात, प्रशिक्षण बदलावं लागतं, सूचना वाचून दाखवणारा माणूस नेमावा लागतो, म्हणून ते मागे पडलं असं माझं मत आहे.

शटडाउनच्या दिवसांत हा प्रश्न उघडा पडतो. प्लांट थांबवून टाक्या, कॉलम, एक्स्चेंजर उघडायचे, साफ करायचे, वेल्डिंग करायचं, पुन्हा जोडायचं. ही कामं करायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून टोळ्या येतात. मातीकामाला आणि स्कॅफोल्डिंगला दाहोद-पंचमहालकडची आदिवासी माणसं असतात. वर्षातलं सर्वांत धोक्याचं काम, आणि ते करणाऱ्यांपैकी पुष्कळांना फाटकावरची गुजराती पाटी वाचता येत नाही. त्या महिन्यात बहुसंख्य कोण? मस्टर वर्षभराची सरासरी सांगतं, अपघात त्या दिवशीच्या माणसाला होतो.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. एका पाटीवर चार भाषा घातल्या की अक्षरं बारीक होतात आणि दहा फुटांवरून एकही भाषा वाचता येत नाही. पाट्यांची गर्दी झाली की नजर सगळ्यांवरूनच घसरते. म्हणून चित्रं वापरा, चित्राला भाषा लागत नाही, असा युक्तिवाद सुरक्षा अधिकारी करतात. आणीबाणीच्या दारावरचा हिरवा धावणारा माणूस जपानमधून जगभर गेला तो याच कारणाने. बाहेर पडायची वाट, हेल्मेट घाला, इथे विडी ओढू नका, एवढ्यासाठी चित्र पुरतं, हे मान्य.

पण काही गोष्टी चित्रात मावत नाहीत. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, यात क्रम हाच जीव वाचवतो. नायट्रोजनचं उदाहरण त्याहून गंभीर. टाकी सुरक्षित करायला तिच्यात नायट्रोजन भरतात. त्याला रंग नाही, वास नाही, घशात खवखव नाही. आत प्राणवायू नसतो, आणि उतरलेला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. कॅनिस्टरचा मास्क तिथे निरुपयोगी, कारण तो हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. बाहेरून हवा पुरवणारं किंवा पाठीवर सिलिंडर असलेलं उपकरणच लागतं. वाचवायला म्हणून तसाच उतरलेला दुसरा माणूसही आत राहतो. मॅनहोलच्या तोंडाशी हे शब्दांत, उतरणाऱ्याच्या भाषेत लिहिलेलं असावं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला कोणीतरी तोंडी सांगावं. पिवळ्या त्रिकोणातल्या उद्गारचिन्हाने हे कळणार नाही.

इतर कायद्यांनी या प्रश्नाची वेगळी उत्तरं दिली आहेत. १९५६च्या वीज नियमांनी धोक्याची सूचना हिंदी किंवा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत मागितली, कवटी आणि हाडांच्या चिन्हासह. तिथे निकष जागेचा होता, कारण ट्रान्सफॉर्मरजवळून कोणीही जाऊ शकतं. घातक माल वाहणाऱ्या टँकरबद्दल १९८९च्या मोटार वाहन नियमांनी दोन्ही बाजूंना आणि मागे आणीबाणीच्या माहितीचा फलक सक्तीचा केला. त्यावर रसायनाचं नाव, ठरलेला क्रमांक आणि फोन नंबर असतो. क्लोरीनचा क्रमांक १०१७, अमोनियाचा १००५, बेन्झिनचा १११४. हायवेवर टँकर उलटला तर अग्निशमन दलाने तो आकडा पाहून काय करायचं ते ठरवायचं. तो फलक मुळात गावकऱ्यासाठी नाहीच. या तिघांत माणसाची भाषा निकष मानणारा कायदा कारखान्यांचाच होता, आणि म्हणून त्याची मोजणी चुकली की जास्त सलतं.

आपल्या मराठी माणसांपुरतं पाहिलं तर हा प्रश्न अर्धा सुटल्यासारखा वाटतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यात वाढलेल्याला गुजराती वाचायला अडचण नाही. खानदेशातून नव्याने आलेल्या पोराला देवनागरीतली हिंदी ओळ कळते. पण शेजारी काम करणाऱ्या ओडिया माणसाला दोन्ही लिप्या परक्या असू शकतात. आपल्याला वाचता येतं म्हणून पाटी पुरेशी आहे, असं मराठी सुपरवायझरने धरून चालू नये.

भोपाळनंतर, म्हणजे डिसेंबर १९८४नंतर, कायद्याचा रोखच बदलला. १९८७च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं. कोणता धोका आहे आणि त्यावर उपाय काय, हे कामगारांना आणि आसपासच्या वस्तीलाही सांगणं मालकावर बंधनकारक झालं. जीवाला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९च्या घातक रसायनांच्या नियमांनी प्रत्येक रसायनाचं माहितीपत्रक तयार ठेवायला लावलं. नंदेसरीसारख्या वसाहतीच्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल होतं. पत्रकं झाली, फायलीत लागली, बहुतेक इंग्रजीतच राहिली. लेबलांचा गोंधळ तर अजून चालू आहे. निर्यातीच्या ड्रमवर धोक्याच्या चिन्हाची लाल कडेची नवी चौकट, जुन्या साठ्यावर नारिंगी चौकोन, आणि हेल्परला दोन्हींचा अर्थ कोणी सांगितलेला नाही.

उपकरणांबाबत धंद्यानुसार गरज बदलते. मकरपुऱ्याच्या लेथ-ग्राइंडिंगच्या शेडमध्ये डोळ्यांचा गॉगल आणि कानाचे प्लग आधी. सावलीकडच्या जड फॅब्रिकेशनमध्ये वेल्डरचा पडदा, चामड्याचे हातमोजे आणि बूट. बुटांच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा, म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं शाबूत राहिली पाहिजेत. असे बूट आयएसआय खुणेशिवाय विकू नयेत, असा आदेश २०२० साली निघाला आणि त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. रसायनांच्या प्लांटमध्ये आधी सेफ्टी शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ. आम्ल उडालं तर पंधरा मिनिटं सतत धुवायचं असतं, आणि नळाला पाणी येतं की नाही हे रोज पाहणं कोणाचं काम, ते ठरलेलं असावं लागतं. उंचीवरच्या कामात कमरेचा पट्टा जाऊन पूर्ण अंगाचा हार्नेस आला, कारण नुसत्या कमरपट्ट्याला लटकलेल्या माणसाच्या पोटाला आणि पाठीच्या कण्याला झटक्याने इजा होते.

हेल्मेटच्या रंगांबद्दल एक सांगतो. पांढरं इंजिनियरचं, पिवळं मजुराचं, हिरवं सेफ्टीचं, हा रिवाज आहे, तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. पण ठेक्याच्या माणसाला वेगळा रंग देताना त्याला जुनं, चिरलेलं हेल्मेटही दिलं जातं, हे मला सर्वांत खटकतं. वीट डोक्यावर पडताना हजेरीचं मस्टर कोणतं हे विचारत नाही.

११ नोव्हेंबर २०२४ला कोयलीच्या रिफायनरीत बेन्झिनच्या टाकीला आग लागली आणि दोन कामगार गेले. अशा घटनेनंतर काही महिने पाट्या नव्या होतात, मॉक ड्रिल वाढतात. त्या वेळी फाटकावर कोणत्या भाषेत काय लिहिलं जातं याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतं.

नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान कामगारांची मर्यादा १० वरून २० झाली. बारा-पंधरा माणसांची शेड कारखाना या व्याख्येतून बाहेर गेली. १० किंवा जास्त माणसांची आस्थापना म्हणून संहिता तिला धरतेच आणि घातक प्रक्रिया असेल तर संख्येची अटही नाही, तरी कारखान्यांसाठीचे खास नियम तिथे लागणार नाहीत. मकरपुऱ्यातल्या छोट्या शेडवाल्यांना याने मोकळीक वाटेल, तिथल्या हेल्परला नाही. दुसरीकडे सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा १००० कामगारांवरून ५०० वर आली आणि घातक प्रक्रियांसाठी २५० वर, ही चांगली गोष्ट झाली.

हल्ली भाषेच्या प्रश्नावर क्यूआर कोडचा उपाय पुढे केला जातो. पाटीवर कोड छापायचा, कामगाराने फोनने स्कॅन करून हव्या त्या भाषेत वाचायचं. ऑफिसात, गोदामात, कँटीनमध्ये हे चालेल. ज्वालाग्राही वायू असू शकणाऱ्या भागात साधा मोबाइल न्यायला बंदी असते, तो फाटकावरच जमा होतो. म्हणजे टाकीच्या तोंडाशी, जिथे सूचना सर्वांत जास्त लागते, तिथे कोड वाचायला हातात काहीच नसतं. तिथली पाटी शब्दांतच लिहावी लागेल, आणि त्या आठवड्यात कोण उतरणार आहे हे पाहून लिहावी लागेल. कामाच्या परमिटवर ठेकेदाराच्या टोळीतल्या माणसांची नावं असतातच. कोणाला कोणती भाषा वाचता येते याचा एक रकाना त्याच परमिटमध्ये घालायला कोणताही नियम आडवा येत नाही.