मॅग्नेटिक बेअरिंगचं कमिशनिंग लांबून कसं होतं, आणि तुमच्याकडून काय लागतं

मॅग्नेटिक बेअरिंग म्हणजे मशीनचा फिरणारा भाग, रोटर, कुठेही न टेकता चुंबकाने धरून ठेवणारं बेअरिंग, आणि कमिशनिंग म्हणजे ते पहिल्यांदा तपासून, जुळवून चालू करणं. हे आम्ही नेटवरून करतो, म्हणून सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, नेट गेलं तर रोटर खाली पडणार का? नाही पडणार. रोटरला अधांतरी धरणारा कंट्रोलर तुमच्याच कॅबिनेटमध्ये बसलेला असतो, तो सेकंदाला दहा हजारांच्या आसपास वेळा सेन्सर वाचून कॉइलचा करंट कमी-जास्त करतो, आमचा लॅपटॉप नुसते ग्राफ बघतो आणि ट्यूनिंगचे आकडे पाठवतो, त्यामुळे लाइन तुटली तरी शेवटचं सेटिंग चालूच राहतं. स्टार्टचं बटण तुमच्या ऑपरेटरकडे, ते आम्ही मागतही नाही.

लाइट गेली तर मात्र मशीन थांबेपर्यंत कॉइलला सप्लाय हवा, म्हणून यूपीएस. त्यात काटकसर करू नका प्लीज. तेही फेल गेलं तर रोटर बॅकअप बेअरिंगवर, म्हणजे पडताना झेलायला ठेवलेल्या साध्या बेअरिंगवर बसतो. चुंबक आणि रोटरमधली गॅप साधारण अर्धा मिलिमीटर आणि बॅकअपची त्याच्या निम्मी, म्हणून रोटर चुंबकाला घासत नाही, पण फुल स्पीडला असे लँडिंग मोजकेच झेपतात.

डिझाइन झालं तरी साइटवर ट्यूनिंग लागतंच. चुंबक फक्त ओढतो, ढकलत नाही, आणि रोटर जितका जवळ जाईल तितका जास्त जोरात ओढतो, म्हणजे सावरायचं सगळं काम कंट्रोलरचं, आणि ते रोटर कसा वाकतो, फाउंडेशन किती कडक आहे, केबल किती लांब आहे यावर ठरतं. म्हणून केबल परस्पर कापू नका, जोडूही नका, आधी फोन करा.

मशीन बंद असताना आम्ही रोटर चारी बाजूंनी बॅकअपला टेकवून बघतो. रोटर जिथवर सरकतो त्याचा स्क्रीनवर गोल आला पाहिजे, एका बाजूने चपटा आला तर बेअरिंग नीट बसलेलं नाही किंवा आत कचरा आहे, मग तिथेच थांबायचं. गोल ठीक असेल तर रोटर उचलायचा, न फिरवता कॉइलमधून वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचा बारीक सिग्नल सोडायचा आणि पीक सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे बाहेरून आलेला धक्का जास्तीत जास्त किती पट वाढतो तो आकडा, कमी तितका चांगला. मॅग्नेटिक बेअरिंगच्या मशीनसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४८३९, त्याच्या तिसऱ्या भागाप्रमाणे नव्या मशीनला ती ३ च्या खाली हवी. मगच स्पीड, तोही टप्प्याटप्प्याने.

तुमच्याकडून हवा इन्स्ट्रुमेंटचा एक माणूस, मशीनपाशी, कानात हेडफोन घालून. व्हीपीएनची, म्हणजे आम्हाला बाहेरून तुमच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायची, परवानगी आयटीकडून आधीच काढून ठेवा, बहुतेक वेळा काम तिथेच अडतं. आणि मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारायचा असेल तर कॅबिनेटकडचे कनेक्टर काढूनच मारा, नाहीतर अॅम्प्लिफायर आणि सेन्सरची कार्डं दोन्ही जातील आणि ती वॉरंटीत बसत नाहीत.