टेन्शन गेलं तरी बीपी का जात नाही

"पोरीचं लग्न उरकलं, सोयाबीन विकून बँकेचं देणं फिटलं. आता कशाचं टेन्शन? म्हणून बीपीची गोळी सोडली." परभणीपासून धाराशिवपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा, हे ऐकायला मिळेलच. अशांपैकी काहीजण पुढं अर्धांगवायू होऊन जिल्हा रुग्णालयात येतात आणि घरचे म्हणतात, "त्यांना तर काहीच टेन्शन नव्हतं हो." नसेलही. गोळी टेन्शनसाठी नव्हतीच.

टेन्शन म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको. दुबार पेरणी, मोंढ्यात पडलेला भाव, मुकादमाची उचल, पोराच्या भरतीचा रखडलेला निकाल. त्यावर वेळ घालवत नाही. घोळ बीपीच्या बाजूनं आहे.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, नाहीतर त्याहून जास्त येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब. घरी मोजत असाल तर सरासरीची हद्द थोडी खाली, 135/85. दोन्हींपैकी एक आकडा वर असला तरी पुरे. "खालचा बरोबर आहे, वरचा वयानं वाढतोच" हे समाधान खोटं आहे. पन्नाशीनंतर जास्त धोका वरच्या आकड्याचाच असतो.

आता लोक नेमके कुठं फसतात ते. टेन्शननं बीपी वाढतो, हे खरं आहे, म्हणून तर गोंधळ होतो. भांडण झालं, वाईट फोन आला, की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन सुटतं. हृदय जोरात चालतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि वरचा आकडा वीस-तीसनं सहज चढतो. कारण सरलं आणि माणूस निवांत बसला, की तो खाली येतो. हे धडधाकट माणसातही होतं. हा आजार नाही. समजा, मोंढ्यात भाव पडल्याचं ऐकून तसाच मेडिकलवर गेलेल्या माणसाचा आकडा 158/94 आला आणि तासाभरानं घरी 128/82. या एका आकड्यावर त्याला बीपीचा पेशंट ठरवणं चूक.

उच्च रक्तदाबात नेमकं उलटं असतं. माणूस शांत बसलेला असो की गाढ झोपलेला, दाब वरच. हरिनाम सप्ताहात सात दिवस आनंदानं बसलेल्याचाही रोज सकाळी 152/96 भरू शकतो. दहापैकी नऊ जणांत याचं एकच एक कारण दाखवता येत नाही. आनुवंशिकता, वय, मीठ, वाढलेलं पोट, तंबाखू, दारू यांचा हिशेब वर्षानुवर्षं साठतो. दाब बराच काळ चढा राहिला की बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, मोठ्या धमन्या ताठरतात आणि मूत्रपिंडाला चढ्या दाबावरच मीठ-पाणी बाहेर टाकायची सवय लागते. कर्ज फिटल्यानं ही जाड झालेली भिंत पातळ होत नाही. टेन्शन एका दिवसात जाऊ शकतं, हा बदल जात नाही.

मग टेन्शनचा बीपीशी संबंधच नाही? आहे, पण तो लांबच्या वाटेनं. महिनोन्‌महिने चाललेल्या ताणात कॉर्टिसॉलची लय बिघडते. हे संप्रेरक पहाटे-सकाळी जास्त आणि मध्यरात्री सगळ्यात कमी असायला हवं. ते रात्रीही चढं राहिलं की यकृत रक्तात साखर सोडत राहतं, चरबी पोटावर चढते, जखमा सावकाश भरतात. झोप मोडते, आणि ही बाब फार कमी लोक मनावर घेतात. गाढ झोपेत रक्तदाब साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. रात्रीच्या लोडशेडिंगमुळं मोटार चालू करायला दोनदा उठणाऱ्या, उरलेला वेळ कूस बदलणाऱ्या शेतकऱ्याच्या धमन्यांना ही रोजची सुट्टीच मिळत नाही.

उरलेलं काम आपले हात करतात. ताणात तंबाखू जास्त वेळा मळली जाते आणि प्रत्येक चिमटीमागं दाब काही काळ चढतो. संध्याकाळची दारू वाढते. जेवण म्हणजे भाकरी, ठेचा, पापड आणि वर खारी शेव. अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी रोज घेतली जाते. ती मूत्रपिंडात मीठ अडवते, बीपी वाढवते आणि बीपीच्या काही गोळ्यांचा असरही कमी करते. बीपी आवरत नाही अशी तक्रार असेल, तर मी आधी खिशातली दुखण्याची गोळी विचारेन, टेन्शन नंतर. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या 52 देशांतल्या इंटरहार्ट पाहणीत हृदयविकाराच्या झटक्याच्या नऊ मोठ्या कारणांत मानसिक ताण आणि उच्च रक्तदाब ही दोन स्वतंत्र कारणं म्हणून मोजली गेली. दोन्ही असतील तर दोन्हींवर वेगळा उपाय लागतो.

लक्षणांचा घोळ याहून वाईट. डोकं दुखलं, चक्कर आली तर बीपी वाढला आणि काही होत नसेल तर बीपी नाही, असं मानलं जातं. बहुतेक वेळा वाढलेला बीपी काहीच जाणवू देत नाही. जाणवतं ते टेन्शन: छातीत धडधड, घाबरल्यासारखं होणं, हातपाय गार, बोटांना मुंग्या. घाईघाईनं श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या त्यातून येतात. यालाच "बीपी लो झाला" म्हणून सलाईन लावायची पद्धत गावोगाव आहे, आणि ती बंद व्हायलाच हवी. नॉर्मल सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत 4.5 ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या जेवणात मिळून 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या शिरेत गरज नसताना एवढं मीठ सोडणं हा उपचार नव्हे. तसंच आकडा 180 दिसला म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देणंही सोडा. दाब एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

एक गोष्ट मात्र टेन्शनच्या नावावर कधीच खपवू नका. छातीत दाबल्यासारखं, घाम, जबड्यात किंवा हातात कळ. मधुमेही माणसात नुसता दम किंवा अचानक गळाठा. तिथं आधी ईसीजी. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळाला, बोबडी वळली तर लगेच 108. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि वाडीवरून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता त्यातच मोजायचा आहे.

टेन्शनचा आकडा कुठला आणि आजाराचा कुठला, हे घरच्या मोजणीतून कळतं. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, चालणं काही नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, हात खाली लोंबत असला तरी वाढतो, बोलत राहिलात तरी वाढतो. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. डॉक्टरसमोर चढा आणि घरी बरोबर, असं बऱ्याच जणांचं असतं. त्यांनी गोळीची घाई करू नये, पण दरवर्षी पुन्हा मोजावं. दवाखान्यात बरोबर आणि घरी चढा, हा प्रकार जास्त घातक, कारण तो घरी मोजल्याशिवाय सापडतच नाही. यंत्र नसेल तर तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात.

गोळी सोडल्यावर काय होतं, तेही बघा. सगळ्यात जास्त दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश जाते, पूर्ण उतरायला आठवडा-दीड आठवडा लागतो. पहिले चार दिवस आकडा चांगलाच असतो. माणूस म्हणतो, बघा, टेन्शन गेलं नि बीपीही गेला. तो अजून जुन्याच गोळ्यांवर चाललेला असतो. पुढं दाब मुकाट्यानं चढतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडीन तर एकदम तोडूच नये; धडधड, छातीत दुखणं, दाबाची उसळी, सगळं एकदम होऊ शकतं. गोळी कमी होऊच शकत नाही असं नाही. मीठ निम्मं केलं, वजन उतरवलं (किलोमागं वरचा आकडा साधारण एकानं घटतो), दारू सोडली, तर डॉक्टर मोजून मोजून डोस उतरवतात. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजत असतील तर सांगा, गोळी बदलून मिळते.

बीड, जालन्याहून ऊसतोडीला पाच-सहा महिने जाणाऱ्यांची गोळी टेन्शनमुळं सुटत नाही, फडावर संपते म्हणून सुटते. दिवाळीनंतर गाडी भरायच्या आधी जास्तीत जास्त गोळ्या मागून घ्या. गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेल्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तोच दाखवून पुढची पुडी मिळवता येते.

आणि टेन्शनला औषध नाही, असं समजून ते बीपीच्या गोळीवर ढकलू नका. झोप दोन आठवडे उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. तिथं जाताना बीपीचा कागद आणि घरच्या मोजणीची वही सोबत न्या, कारण व्हेनलाफॅक्सिनसारख्या नैराश्यावरच्या काही औषधांनी दाब चढतो आणि तो आकडा डॉक्टरला आधी माहीत असावा लागतो.