पाणथळ आधी कागदावर बुजते: शहरवाढ, भराव आणि दूरशिक्षण

वसाहतकाळातल्या महसूल खात्याचा हिशेब सरळ होता. जिचा सारा येतो ती जमीन कामाची, बाकीची पडीक. दलदल, खाजण, तळ्याकाठची ओली जमीन यांचा सारा येत नसे. तिथे कोणी मासे धरी, कोणी लव्हाळा कापी, उन्हाळ्यात गुरे चरत; पण यातले काहीच दप्तरात येत नसे. महाराष्ट्रात सातबारावरचा ‘पोटखराबा’ (लागवडीला अयोग्य क्षेत्र) हा शब्द आजही त्याच नजरेने जमिनीकडे बघतो. त्यात रोगाची भीती मिसळली. दलदलीतल्या ‘खराब हवे’ने ताप येतो ही समजूत जुनी होती. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दाखवले, तेव्हा हवेचा दोष डासाकडे गेला. पाणथळीची सुटका मात्र झाली नाही. तिचा निचरा करणे हे उलट आरोग्यखात्याचेच काम ठरले.

आशिया-आफ्रिकेतले देश स्वतंत्र झाले तेव्हा त्यांच्या हाती हीच दप्तरे आली. शहरे वाढू लागली आणि घरे, बसस्थानके, कचराभूमी यांसाठी जागा हवी झाली. शहराला लागून, सरकारी मालकीची आणि कागदावर निरुपयोगी अशी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी पाणथळच. बंगळुरूचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागी आहे आणि कंठीरवा स्टेडियम संपंगी तलावाच्या. कोलकात्याचे सॉल्ट लेक उपनगर 1960 च्या दशकात हुगळीतला गाळ नळांवाटे आणून खाऱ्या दलदलीवर वसवले गेले.

प्रत्यक्षात बुजवण्याचा क्रम जवळपास सगळीकडे सारखा दिसतो. आधी पाणथळीतून रस्त्याचा बांध जातो. त्याखाली मोरी टाकतात, पण तिचा व्यास बहुधा पावसाळी लोंढ्याला पुरत नाही. तिचा तळ पाणथळीच्या तळापेक्षा वर बसला, तर पाणी तेवढे चढल्याशिवाय पलीकडे जातच नाही. एका बाजूला पाणी तुंबते, दुसरी बाजू सुकते. सुकलेल्या बाजूला राडारोडा पडू लागतो आणि काही वर्षांनी पाहणीला आलेला माणूस ‘येथे पाणी आढळले नाही’ असे लिहून जातो. ही नोंद त्या दिवसापुरती खरी असते, म्हणूनच ती खोडून काढणे अवघड जाते.

एक हेक्टरवर सरासरी दोन मीटर भराव घालायचा तर 20,000 घनमीटर माल लागतो. डंपरमध्ये 10 घनमीटर मावतात असे धरले तर 2,000 फेऱ्या झाल्या. सैल माल दबतो आणि खालचा मऊ चिखलही खचतो, त्यामुळे फेऱ्या आणखी वाढतात. घाईने बांधलेल्या इमारतींभोवतीची जमीन पुढे बसते, सांडपाण्याच्या नळांचा उतार बिघडतो आणि तळमजल्यात मैला उलटा येतो. शिवाय भराव पाण्याच्या पातळीपर्यंत घातला असेल, तर 2 कोटी लिटर पाणी साठवायची जागाही गेली. ते पाणी शेजारच्या सखल वस्तीत जाते, आणि तिथे राहणाऱ्यांना भरावाच्या परवान्याबद्दल कोणी विचारलेले नसते.

पाणथळ काय काम करते हे पाहायला पूर्व कोलकात्याइतके चांगले ठिकाण नाही. विद्याधरी नदी गाळाने भरली आणि भरतीचे खारे पाणी येईनासे झाले. तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी शहराचे सांडपाणीच तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. या तळ्यांना भेरी म्हणतात. भेरी उथळ असते, म्हणून ऊन आत उतरते. जिवाणू मैला कुजवतात, त्यातून सुटलेल्या खतावर शेवाळ वाढते. हे शेवाळ जिवाणूंना प्राणवायू पुरवते आणि माशांचे खाद्यही होते. सगळे कौशल्य सांडपाणी किती आणि कधी सोडायचे यात आहे. एकदम जास्त सोडले तर पहाटेच्या सुमारास प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तडफडतात. फार कमी सोडले तर शेवाळ उपाशी राहते. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने 1980 च्या दशकात ही पद्धत शास्त्रीय भाषेत मांडली. 1992 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने येथील जमिनीचा वापर बदलायला मनाई केली, 2002 मध्ये सुमारे 12,500 हेक्टर क्षेत्र रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ-कराराच्या यादीत गेले आणि 2006 मध्ये राज्याचा स्वतंत्र कायदा झाला.

युगांडात कंपालाच्या नाकिवुबो पाणथळीची गोष्ट याच धर्तीची, पण दुखरी. शहराचे सांडपाणी तिच्यातल्या पपायरस या उंच पाणवनस्पतीमधून गाळून व्हिक्टोरिया सरोवराच्या एका उपसागरात जाते, आणि शहराचे पिण्याचे पाणी त्याच उपसागरातून उचलले जाते. 1999 च्या एका अभ्यासात या गाळणीचे मोल वर्षाला 10 लाख डॉलरांहून अधिक निघाले. 1995 च्या राज्यघटनेने पाणथळी जनतेच्या वतीने सरकारच्या विश्वस्तपणात दिल्या होत्या. पण वरच्या भागात शेती व कारखाने आले आणि पाणी चरांतून सरळ वाहू लागले. ते मुळांना स्पर्शच न करता पुढे गेले, तर वनस्पती जिवंत असूनही गाळणी बंद पडते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर येथे करार झाला. त्याची व्याख्या ऐसपैस आहे: नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, गोड असो वा खारे, समुद्रात ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेले पाणीसुद्धा पाणथळच. भारत 1982 मध्ये त्यात सामील झाला, पण देशाचे स्वतंत्र नियम यायला 2010 उजाडले. उपग्रहचित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात 2.25 हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळी मोजल्या गेल्या. त्याहून लहान साडेपाच लाखांवर जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. 2017 च्या सुधारित नियमांनी नदीपात्रे, भातखाचरे आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन, मीठ यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले. भारतातले निम्मेअधिक जुने तलाव माणसाने बांधलेलेच असावेत, तेव्हा ‘हा कशासाठी बांधला’ या प्रश्नावर किती वाद उभे राहतील याचा अंदाज करता येतो.

मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, 2010 मध्ये कोलंबोत संसदेच्या आवारात पाणी शिरले, 2015 मध्ये चेन्नई बुडाली. पुरानंतर पाणथळीची आठवण होते. कोलंबोने मात्र उरलेली पाणथळ पूरनियंत्रणाच्या आराखड्यात घेतली आणि 2018 मध्ये रामसरचे ‘पाणथळ शहर’ हे मानांकन मिळवले.

पाणथळ राहते की बुजते हे ज्यांच्या नोंदीवर ठरते, त्यांना ती ओळखता आणि मोजता यायला हवी. दूरशिक्षणाचा संबंध येतो तो इथे. परवाना देणारा अभियंता किंवा पंचनामा करणारा तलाठी काही महिने रजा टाकून दूरच्या संस्थेत शिकायला जाऊ शकत नाही. दक्षिण आफ्रिकेचे युनिसा हे विद्यापीठ 1946 पासून पत्राद्वारे शिकवत होते. भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) 1985 मध्ये आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये आले. पण छापील पुस्तकातून पाणथळ मोजता येत नव्हती. 2008 मध्ये जमिनीची चित्रे घेणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा जुना चित्रसंग्रह फुकट खुला झाला आणि घरबसल्या करता येईल असा स्वाध्याय मिळाला: एकाच जागेची 1980 च्या दशकाअखेरची आणि आजची चित्रे घ्या, हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यातून निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचा पट्टा वजा करा, दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर शून्याच्या वर आले की साधारणपणे पाणी.

चुका ठरलेल्या आहेत. एक चित्र ऑक्टोबरचे आणि दुसरे मे महिन्याचे घेतले तर तलाव ‘नाहीसा’ होतो. उंच इमारतींची सावली पाणी म्हणून मोजली जाते. चित्रातला सर्वांत लहान ठिपका, म्हणजे एक चौकट, 30 मीटर बाजूची, म्हणजे 2.25 हेक्टरांत जेमतेम 25 चौकटी. काठचे अतिक्रमण त्यात सहज दडते. सर्वांत फसवी जलपर्णी: ती निकट-अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करते, त्यामुळे सांडपाण्याने भरलेला तलाव चित्रात कोरड्या हिरव्या जमिनीसारखा दिसतो. म्हणून स्वाध्यायाच्या दुसऱ्या भागात गावनकाशा घेऊन काठावर जावे लागते, काठी टाकून खोली बघावी लागते आणि सर्व्हे नंबरवर कोणाचे नाव चढले आहे ते तलाठ्याकडे विचारावे लागते.